बंद यादी आणि बोलींची नावे

माहितीसंग्रहाच्या अर्जात एखाद्या रकान्यासाठी ठराविक पर्यायांची उघडणारी यादी देणे ही गोष्ट वरवर पाहता केवळ सोयीची वाटते. टंकलेखनाचे श्रम वाचतात आणि ‘अहिराणी’, ‘अहीराणी’ अशा लेखनभेदांमुळे एकच बोली दोनदा मोजली जात नाही. हा लाभ खरा आहे. तथापि बोलींच्या पाहणीत अशी यादी योजली म्हणजे एक तात्त्विक प्रश्न उपस्थित होतो.

चिन्हाचे मूल्य त्याच व्यवस्थेतील इतर चिन्हांवर अवलंबून असते, हा सोस्यूरचा सिद्धांत १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. यादीतील पर्यायांनाही तोच न्याय लागू पडतो. यादीत ‘मराठी’, ‘कोंकणी’ व ‘हिंदी’ एवढेच पर्याय असताना धुळ्याच्या अहिराणी भाषकाची नोंदलेली ‘मराठी’ आणि ‘अहिराणी’ हा पर्याय आल्यानंतरची ‘मराठी’ यांची अक्षरे एकच असली, तरी अर्थ एक नव्हे. पहिल्या नोंदीत अहिराणी निवडण्यास वावच नव्हता. म्हणून दोन्ही काळांतील नोंदींची सरळ बेरीज सदोष ठरते.

यादी कोठे ठेवावी, हा प्रश्नही त्यामुळे निव्वळ तांत्रिक राहत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये पर्याय अर्जातच अर्धविरामांनी विभागून लिहिता येतात, किंवा स्वतंत्र तक्त्यातून घेता येतात. पहिला मार्ग ‘होय’, ‘नाही’ यांसारख्या स्थिर पर्यायांना पुरेसा आहे. भाषानामांना तो अपुरा पडतो. कारण कोणता पर्याय केव्हा दाखल झाला, हे नोंदण्यास तेथे जागाच नसते. शिवाय यादीबाहेरील उत्तर नाकारण्याचा अर्जातील निर्बंध अन्य मार्गाने तक्त्यात आलेल्या मजकुराला अडवीत नाही. स्वतंत्र तक्त्यात प्रत्येक नावास संकेतांक व तारीख जोडता येते.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. छाननीअंती त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, आणि दहा हजार वा अधिक भाषक असलेल्या भाषा १२१ ठरल्या. त्या मांडणीत अहिराणी खानदेशीखाली येते. हा निर्णय वादग्रस्त मानता येईल. परंतु उत्तर आधी व वर्गीकरण नंतर, असा क्रम असल्यामुळेच त्याची चर्चा शक्य होते.

बोलींच्या पाहणीतही निवेदकाचे शब्द एका रकान्यात जसेच्या तसे राखावेत व यादीतील पर्याय दुसऱ्या रकान्यात अभ्यासकाने भरावा. अन्यथा पाहणीकर्त्याचे पूर्वग्रह भाषकाचे उत्तर म्हणून मोजले जातात.