टाळीनंतरची गोळी

रवी जाधव यांची ‘ताली’ (2023) बघितली असेल, तर सुश्मिता सेनने उभी केलेली गौरी सावंत विसरता येत नाही. पण मालिकेचा जोर सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालावर आहे. त्या गजरात शरीराची रोजची, कंटाळवाणी लढाई मागे पडते.

एस्ट्राडिऑल सुरू केल्यावर छातीची वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. आवाज त्याने बदलत नाही. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते. सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं. सिगारेट सोडायची, कारण इस्ट्रोजेनसोबत ती रक्ताच्या गुठळीचा धोका वाढवते.

आता हे महालात करून बघा. जिथे मेडिकलवाला तुमच्या आजोबांनाही ओळखतो, तिथे ही चिठ्ठी पुढे करायला कोर्टात उभं राहण्याइतकीच हिंमत लागते. म्हणून मग डॉक्टर टळतो आणि मैत्रिणीचा डोस उचलला जातो. तपासणी राहूनच जाते.

2019 च्या कायद्याचं कलम 15 हार्मोन उपचारांची सोय करायला सरकारला सांगतं. निकालानंतरची गोष्ट ही आहे. पुढच्या मालिकेने तिथून सुरुवात करावी.