हसलं कोण?

गेल्या पावसाळ्यात केळापूर तालुक्यातल्या एका विहारात आमच्या अभ्यासमंडळाची बैठक होती. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचायला घेतलं होतं. वाचता वाचता कैकाडी बोलीतले शब्द आले आणि आमची पोट्टी खो खो हसली. वाचणारा मीच. मलाही हसू आलं, हे आधीच कबूल करतो. एक जण तेवढा हसला नाही. पोडावरचा, कोलामाचा पोरगा, शिकायला म्हणून गावात राहणारा. म्हणाला, "आमी आमचं बोललो का पोट्टे असेच हासतेत, भाऊ."

मी वाचत राहिलो. पुढं काय वाचलं ते आठवत नाही.

म्हणून हे लिहितो आहे. समीक्षा म्हणा, नाहीतर आपल्याच घराची झाडाझडती म्हणा.

प्रस्थापित वाचकांवर आपण पुष्कळ लिहिलं. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हापासून हा वाचक आपली पुस्तकं विकत घेतो, अंगावर काटा आला म्हणतो, आणि जेवायला उठतो. त्याला आपली वेदना चालते, हिशोब मागितलेला चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये आपल्याच यवतमाळात ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं. ही इंग्रजी लेखिका कशाला, म्हणून धमकी आली, आणि आयोजकांनी निमंत्रणच मागं घेतलं. कितीतरी लेखकांनी मग संमेलनाकडं पाठ फिरवली. शेवटी उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी, आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. तिनं जे सांगितलं ते ऐकण्यासारखंच होतं. पण परकी बाई काय बोलेल याची एवढी धास्ती? आपण तेव्हा चौकात, चहाच्या टपरीवर तावातावानं बोललो. बरोबरच बोललो.

पण मित्रांनो, आपल्या विहारातलं कपाट एकदा उघडून पाहा.

बाबासाहेबांचे खंड आहेत. 'बलुतं' आहे, 'गोलपिठा' आहे, 'अक्करमाशी' आहे. फाटेस्तोवर वाचलेली. अण्णाभाऊंची 'फकिरा' मात्र नाही. १९५९ साली आलेली ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे, आणि ती आपल्या कपाटात नाही! मी एका कार्यकर्त्याला काहून नाही म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ते मांगवाड्यातले ठेवतेत ना." म्हणजे जयंतीच्या बॅनरवर अण्णाभाऊंचा फोटो आपला आणि पुस्तक त्यांचं. अशी वाटणी गावच्या पाटलालाही सुचली नसती.

आता 'उपरा'बद्दल. १९८० साली हे पुस्तक आलं, १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यात मला मीच दिसत होतो. शाळेतली अवहेलना, भूक, बापाची लाचारी, हे तर आपलंच, असं म्हणत पानं उलटली. ही वाचायची रीत खोटी होती. त्या वाचनात मी कैकाड्याचा महार करून टाकला. दुसऱ्यांदा वाचताना आधी दोन पुस्तकांच्या नावांपाशी थांबलो. 'बलुतं' म्हणजे गावाच्या पिकातला वाटा. शिळा, ओशाळवाणा, लाथ मारून दिलेला, पण वाटा. महारवाडा गावकुसाबाहेर होता, तरी त्या गावाचा होता. 'उपरा' म्हणजे ज्याला गावच नाही. गाढवावर बिऱ्हाड, फोकाच्या टोपल्या विणायच्या, विकायच्या आणि पुढच्या गावाला निघायचं. त्याला गावकूसही नाही आणि गावकुसाबाहेरची जागाही नाही. हा फरक पुसून सगळ्यांना एका 'दलित' शब्दात घातलं की घोषणा चांगली होते, माणूस दिसेनासा होतो.

आणि मानेंनी दाखवलेली जातपंचायत? मुलानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून आपल्याच माणसांना वाळीत टाकणारी. तिथं शोषक बामण नाही. ते प्रकरण आमच्या बैठकीत पोरं घाईघाईनं वाचतात.

तीच गत बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ची. पुस्तक १९८६ चं. फलटणात दुकान चालवणाऱ्या बाईनं पुडीच्या कागदावरचं वाचत वाचत स्वतःला घडवलं आणि लिहिलेलं कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. आपण त्यातली बाबासाहेबांची पानं सभेत वाचतो. महारवाड्यातला नवरा, सासू आणि कोवळी सून, नाक कापलेल्या बाया, ही पानं वाचत नाही. लपवावं का लागलं, हे विचारलं तर उत्तर आपल्या चळवळीतल्या घरांत आहे.

कुणी म्हणेल, आपण तर जगाचं वाचतो. खरं आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं, काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पण पाहा, ते नुसतं हळहळायला मागवत नव्हते, त्यांना त्याच वाटेनं जायचं होतं. आपल्याला हार्लेम ठाऊक आहे. झरी-जामणीचा पोड सायकलीच्या अंतरावर आहे, तिथं मात्र आपण मत मागायलाच जातो.

पोडावरचं पुस्तक कुठं आहे? कोलामी मराठीची पोटबोली नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे, आणि तिला स्वतःची लिपी नाही. 'आदिम जमात' म्हणून सरकारी कागदावर कोलाम आहे, कथा-कादंबरीत बहुधा पाठमोरा. भुजंग मेश्रामांचा 'उलगुलान' १९९० साली आला. बिरसाच्या उठावाचं नाव घेतलेल्या या कवीनं आदिवासी बोलींचे शब्द मराठी कवितेत आणून बसवले, अर्थ विचारायची पाळी वाचकावर आणली. मला हे पटतं. कळत नसेल तर विचारा, हसू नका. पण 'उलगुलान'ही आमच्या कपाटात नव्हता. आता आणला आहे.

त्या बैठकीनंतर तो पोरगा 'उपरा' घेऊन गेला. पंधरा दिवसांनी मी पोडावर गेलो. चावडीपाशी चार-पाच जण बसले होते आणि हा मराठीतून वाचून कोलामीत सांगत होता. एके ठिकाणी सगळे हसले. कशावर ते मला कळलं नाही. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "थांब भाऊ, हे संपू दे, मंग सांगतो."

पुस्तक अजून त्याच्याकडंच आहे.