स्टार वाटून द्या, पण खेळाडूला बांधू नका

आयपीएलचा मोठा लिलाव झाला की लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक ठरलेली तक्रार सुरू होते. ‘सगळे स्टार त्यांच्याकडेच कसे गेले?’ तक्रार करणारा बहुतेक वेळा समोरच्या टीमबद्दल बोलत असतो. आपल्या टीमने स्टार जमवले की तीच गोष्ट ‘मस्त स्क्वॉड’ होते. मी घाटकोपरचा, म्हणजे मुंबईकर, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी तितक्याच सहजपणे ऐकत आलोय.

या तक्रारीत एक खरा प्रश्न दडलेला आहे. करार संपलेल्या मोठ्या खेळाडूंनी ठरवून एकाच टीममध्ये जायचं म्हटलं, तर लीगने त्यांना अडवावं का? अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स मायामीला गेला, तिथे ड्वेन वेड होता, ख्रिस बॉशही आला. २०१६ मध्ये केविन ड्युरंट गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये गेला, आणि ही टीम आदल्याच हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकलेली होती. पुढची दोन्ही विजेतेपदं त्यांचीच.

आपल्याकडे हा वाद होत नाही, कारण आपल्याकडे तसा मोकळा खेळाडूच नाही. आयपीएलमध्ये करार संपलेला खेळाडू टीम निवडत नाही, तो लिलावात जातो. त्याच्या हातात लिलावात नाव देणं आणि बेस प्राइस सांगणं एवढंच असतं. पुढे पॅडल कोण उचलणार, हे तो टीव्हीवर बघतो. म्हणून आपल्यासाठी प्रश्न उलटा मांडायला हवा. स्टार एका टीममध्ये जमू नयेत म्हणून आपण जी व्यवस्था उभी केली, तिने नेमकं काय मिळवलं आणि त्याची किंमत कोणी दिली?

सुरुवात २००८ च्या पहिल्या लिलावापासून करू. प्रत्येक टीमकडे ५० लाख डॉलर होते. शिवाय सचिन, गांगुली, द्रविड, सेहवाग आणि युवराज यांना ‘आयकॉन’ म्हणून आपापल्या शहराच्या टीमला आधीच देऊन टाकलेलं होतं. आयकॉनला टीममधल्या सगळ्यात महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के जास्त द्यायचे, असा नियम होता. मुंबईने जयसूर्याला पावणेदहा लाख डॉलरला घेतलं, म्हणून सचिनची रक्कम ११ लाख २१ हजार २५० डॉलर झाली.

आता धोनीचं गणित करून बघा. तो चेन्नईला १५ लाखांना गेला. त्याच भावात मुंबईने घेतला असता तर सचिनला १७ लाख २५ हजार द्यावे लागले असते. दोघांत मिळून सव्वाबत्तीस लाख. उरलेल्या पावणेअठरा लाखांत अख्खी टीम उभी करायची. ‘सचिन आणि धोनी एका टीममध्ये नकोत’ असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, पण पैशाच्या हिशेबाने ते जवळपास अशक्य करून ठेवलं होतं. नियम म्हणून हा मला चांगला वाटतो. तो माणसाला अडवत नाही, टीमच्या हव्यासाला किंमत लावतो.

पण त्याच लिलावात बोरिवलीत दिनेश लाड यांच्या हाताखाली घडलेला एक मुलगा साडेसात लाख डॉलरला हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे गेला. रोहित शर्मा तिथे तीन हंगाम खेळला. २००९ मध्ये त्याने मुंबई इंडियन्सविरुद्धच हॅटट्रिक घेतली आणि त्या वर्षीची ट्रॉफीही डेक्कननेच नेली. मुंबईकडे तो आला २०११ च्या लिलावात, २० लाख डॉलरला. आज आपण रोहित आणि मुंबई इंडियन्स ही नावं एका श्वासात घेतो, पण ती जोडी जुळली ती लिलावात. त्या दिवशी दुसऱ्या कोणी आणखी थोडी बोली वाढवली असती तर ती जुळलीच नसती. रोहितला काय हवं होतं, हा प्रश्न या व्यवस्थेत कुठे विचारलाच जात नाही.

ज्याने तो प्रश्न स्वतःच सोडवायचा प्रयत्न केला, त्याचं काय झालं? रवींद्र जडेजाने राजस्थानबरोबरचा करार पुढे न वाढवता दुसऱ्या फ्रँचायझीशी बोलणी केली, म्हणून त्याला २०१० चा अख्खा हंगाम बाहेर बसवलं गेलं. आपल्यापैकी कोणी नोकरी बदलण्याआधी दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू दिला म्हणून वर्षभर घरी बसवलं, तर त्याला आपण काय म्हणू? क्रिकेटमध्ये त्याला शिस्त म्हटलं गेलं.

त्याच वर्षीचं दुसरं उदाहरण कायरन पोलार्डचं. २०१० च्या लिलावात एका खेळाडूवर साडेसात लाख डॉलरपर्यंतच बोली लावता येत होती. पोलार्डसाठी चार टीम त्या आकड्यावर येऊन थांबल्या. मग बंद पाकिटातून गुप्त बोली झाली आणि मुंबई जिंकली. पाकिटातली जादाची रक्कम पोलार्डला मिळाली नाही, ती आयोजकांकडे गेली. लक्षात घ्या, बाजाराने त्याची किंमत जास्त ठरवली होती आणि मुंबई ती द्यायला तयारही होती. पैसे खिशातून गेले, फक्त खेळाडूच्या खिशात पोचले नाहीत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमातही हाच सूर आहे: छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही चढो, त्याच्या हातात ठरावीक मर्यादेपर्यंतच रक्कम पडणार, वरचे पैसे खेळाडूंच्या कल्याणासाठी म्हणून बीसीसीआयकडे. कल्याण कुणाचंही होवो, ज्याच्या मनगटावर बोली लागली त्याला वगळून ते होतं.

‘पण त्याने लीगमध्ये समतोल राहिला ना?’ असं कोणी म्हणेल. आकडे बघू. २००८ ते २०२३ या १६ हंगामांत मुंबई आणि चेन्नईने पाच-पाच, म्हणजे १० ट्रॉफ्या नेल्या. सगळ्यांची पर्स सारखी होती, लिलाव एकच होता, तरी हे झालं. दुसरीकडे कोहली, गेल आणि डिव्हिलियर्स ही तिकडी एकत्र असूनही बंगळुरूला त्या काळात एकही ट्रॉफी मिळाली नाही. त्यांची पहिली ट्रॉफी आली २०२५ मध्ये, गेल आणि डिव्हिलियर्स टीममध्ये नसताना. २०२४ मध्ये रोहित, हार्दिक, सूर्यकुमार आणि बुमराह एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते आणि मुंबई दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिली.

कबड्डीतही तेच. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. टीमची पूर्ण पर्स होती ५ कोटी. निम्म्याहून जास्त पैसे एका रेडरवर गेले आणि टायटन्स त्या हंगामात तळाला राहिले. सात जणांच्या खेळात एक माणूस किती पुरणार?

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, स्टार जमले की विजय ठरला, ही भीती आपण समजतो तेवढी खरी नाही. नवी पोरं शोधणारे स्काउट, प्रशिक्षक आणि तीच टीम वर्षानुवर्षं टिकवण्याची अक्कल, याने जास्त फरक पडतो. दोन, पर्सची मर्यादा असूनही काही टीम पुढे राहतातच, पण निदान त्या निव्वळ श्रीमंतीवर पुढे राहत नाहीत. तेवढं काम पर्स करते, आणि तेवढं पुरेसं आहे.

मुंबईकराने सुपरटीमवर रागवावं, यात एक गंमतही आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं रणजी ट्रॉफी मुंबईकडे होती. तेव्हा शहरातलं ऑफिस क्रिकेटही तसंच होतं. कंपन्या क्रिकेटपटूंना नोकऱ्या देत आणि टाइम्स शिल्डमध्ये खेळवत. गावसकर निर्लॉनमध्ये, वाडेकर स्टेट बँकेत. कोणावर पर्सचं बंधन नव्हतं आणि चांगल्या कंपनीकडे चांगली टीम जमायची. पण त्या खेळाडूकडे एक गोष्ट होती जी आजच्या कोट्यधीशाकडे नाही: कुठे नोकरी करायची हे तो ठरवू शकत होता. शिवाय क्रिकेट संपल्यावरही महिन्याचा पगार चालू राहायचा.

इथे अमेरिकेची तुलना नीट करायला हवी. तिथली पगाराची मर्यादा मालकांनी एकट्याने लादलेली नाही. खेळाडूंची युनियन आणि लीग समोरासमोर बसून करार करतात. ड्युरंट वॉरियर्सकडे जाऊ शकला, कारण टीव्हीच्या नव्या करारामुळे ती मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाख डॉलरवर गेली आणि वॉरियर्सकडे अचानक जागा झाली. पळवाट नियमातच होती. पुढे २०२३ च्या करारात जास्त खर्च करणाऱ्या टीमवर आणखी कडक बंधनं आली, तीही खेळाडूंच्या युनियनच्या सहीने. आपल्याकडे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, पण ती माजी खेळाडूंची. आज मैदानात उतरणाऱ्यांच्या वतीने टेबलावर बसणारं कोणी नाही. म्हणून ‘समतोल’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वापरला जातो. समतोलाचं बिल फाडताना खेळाडूला विचारलेलंच नसतं.

शिवाय बंधन दोन्ही बाजूंना सारखं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तो ट्रेडमधून. त्यासाठी पर्समध्ये जागा हवी म्हणून कॅमेरून ग्रीनला बंगळुरूला पाठवलं. पण हार्दिकच्या बदल्यात मुंबईने गुजरातला किती रक्कम दिली, हे जाहीर झालं नाही, आणि ती पर्समध्ये धरलीही जात नाही. खेळाडूचा पगार रुपयापर्यंत सगळ्यांना माहीत, मालकांमधला व्यवहार मात्र झाकलेला. समतोल राखायचाच असेल तर पहिला उजेड इथे पाडायला हवा.

मग आपल्या उपनगरांच्या नावाच्या लीगचं काय? टी-२० मुंबई लीग २०२५ मध्ये सहा वर्षांनी परतली, तेव्हा आठ टीमना आठ आयकॉन वाटून दिले. नॉर्थ ईस्टच्या ट्रायम्फ नाइट्सकडे सूर्यकुमार, अंधेरीकडे शिवम दुबे, नॉर्थ मुंबई पँथर्सकडे पृथ्वी शॉ, वेस्टर्न सबर्ब्सच्या आकाश टायगर्सकडे सर्फराज खान. इथे एका टीमला एकच आयकॉन हा नियम मला पूर्ण पटतो, कारण या लीगचा हेतूच वेगळा आहे. मुलुंडच्या क्लबमध्ये ऑफस्पिन टाकणाऱ्या पोराला सूर्यकुमारला चार ओव्हर टाकायला मिळाव्यात, कांदिवलीच्या सलामीवीराला दुबेबरोबर बॅटिंग करायला मिळावी, यासाठी ती आहे. आठही स्टार दोन टीममध्ये गेले असते तर सहा टीममधल्या पोरांची ही संधी गेली असती. स्टार खेळाडूंचं पोट या लीगवर नाही, त्यामुळे त्यांचं नुकसानही फारसं नाही. आणि ट्रॉफी कोणी नेली? श्रेयस अय्यरच्या सोबो मुंबई फाल्कन्सला हरवून मराठा रॉयल्सने, कर्णधार सिद्धेश लाड. दिनेश लाड यांचा मुलगा, भारताकडून न खेळलेला, मुंबईसाठी वर्षानुवर्षं रणजी खेळलेला.

तक्रार करायचीच तर या लीगबद्दल माझी वेगळी आहे. स्टार वाटले, पण सामने वाटले नाहीत. सामने झाले वानखेडेवर आणि नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. ‘नॉर्थ ईस्ट’ हे नाव जर्सीवर आलं, पण घाटकोपर-मुलुंडच्या प्रेक्षकाला आपली टीम बघायला चर्चगेट किंवा नेरुळ गाठावं लागलं.

आयपीएलसारखी लीग मात्र खेळाडूचं पोट आहे, आणि ते चालतं जेमतेम दहा-बारा वर्षं. तिथे मी एवढंच मागेन. पर्स ठेवा, कडक ठेवा. ट्रेडची रक्कम जाहीर करा आणि पर्समध्ये धरा. मालकाच्याच दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीतून खेळाडूला मागच्या दाराने पैसे जाणार नाहीत, हे तपासा. आणि एखादा खेळाडू सहा-सात हंगाम लिलावाच्या मर्जीने खेळला असेल, तर त्यानंतर त्याला एकदा तरी स्वतः टीम निवडू द्या. त्याला मित्रांबरोबर खेळायचं असेल, आईवडिलांजवळ राहायचं असेल, चांगल्या कोचकडे जायचं असेल, आणि त्यासाठी तो पर्समध्ये बसेल एवढे कमी पैसे घ्यायला तयार असेल, तर अडवणारे आपण कोण?

याने मुंबईचा फायदा होईल, असं म्हणणारे भेटतील. जाहिराती इथे, स्टुडिओ इथे, अर्ध्या खेळाडूंची घरं इथे. थोडा फायदा होईलही. पण २०२५ साठी मुंबईने पाच खेळाडू रिटेन केले, त्यातच १२० पैकी ७५ कोटी संपले. सहावा स्टार यायचा म्हटला तर त्याला किंवा आधीच्या कोणाला तरी पगार कापून घ्यावा लागेल. किती जण घेतील? जे घेतील, त्यांनी निदान आपल्या मर्जीने घेतलेला असेल.