सी जाणार, रस्ट येणार?

‘रस्ट आली, आता सी संपली’ हे मला मान्य नाही. पण ‘सी कुठं जात नाही हो’ म्हणून हात झटकणारे जास्त चुकतात.

सीमध्ये मेमरी सांभाळायची ती प्रोग्रामरनं. सोडून दिलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली, तर कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो. रस्टचा कंपायलर तिथंच अडवतो. (सुरुवातीचे काही आठवडे त्याच्याशी भांडण्यातच जातात, ते वेगळं.)

आता अँड्रॉइड घ्या. २०१९ मध्ये त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी ७६ टक्के मेमरीच्या होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आल्याचं गूगलनं सांगितलं. गंमत बघा, जुना सगळा कोड काही पुन्हा लिहून काढलेला नाही. नवं लिखाण तेवढं रस्टसारख्या भाषांकडे वळवलं. जुन्या कोडमधल्या चुका वापरता वापरता सापडतात, दुरुस्त होतात. धोका ताज्या कोडमध्ये जास्त. म्हणून ‘सगळं रस्टमध्ये लिहा’ हा आग्रह मला उधळपट्टी वाटतो.

लिनक्स कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली, तीही सीच्या शेजारी. तिथली अडचण माणसांची आहे. सीचा इंटरफेस बदलला, की रस्टची बाजू दुरुस्त कुणी करायची? यावर देखभाल करणाऱ्यांत जाहीर खडाजंगी झाली. रस्टवाले म्हणतात, आम्ही करू. ठीक आहे. पण ड्रायव्हर वीस-वीस वर्षं चालतो, आणि हे लोक तोवर तिथं असतील का?