चाकूर, चाकर आणि चाकू

वाघमारे आडनावाची एक विद्यार्थिनी. शाळेच्या दाखल्यावर तिचे आडनाव इंग्रजीत 'डब्ल्यू'ने सुरू होते, बँकेच्या पासबुकात 'व्ही'ने. चाकूर येथील तिच्या शिक्षकांनी दोन्ही कागद आमच्यापुढे ठेवले. नाव जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडली होती. "संगणकाला एवढेही कळू नये?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. अक्षराला अक्षर ताडणाऱ्या यंत्राला हे जुळणार नाहीच. पण उच्चार पाहणाऱ्या प्रसिद्ध रीतीलाही ते जुळत नाही.

ही रीत म्हणजे साउंडेक्स. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचे पेटंट घेतले. तेव्हा संगणक नव्हता. नावांची कार्डे लावण्यासाठी ती युक्ती होती. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना सहा गटांचे आकडे द्यायचे आणि तीन आकडे झाले की थांबायचे. शिंदे आणि सिंदिया यांची इंग्रजी स्पेलिंगे कितीही वेगळी दिसोत, दोघांचा संकेत एस-५३० येतो. येथे रीतीला शाबासकी द्यावी लागते. पण पाटील आणि पटेल हेही पी-३४० वरच भेटतात, आणि चाकूरचा संकेत सी-२६० हाच सिगारचाही आहे! वाघमारे मात्र डब्ल्यू-२५६ आणि व्ही-२५६ असे दुभंगतात, कारण पहिल्या अक्षराला गट नाही. कार्डे अक्षरवार लावायची तर ते सोयीचे होते. आजच्या आज्ञावल्यांतही तो नियम तसाच चालत आला आहे.

मग देवनागरीतच नावे ताडावीत, असे कोणी म्हणेल. त्यासाठी रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांचे १९६५ सालचे माप आहे: एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी किती चिन्हे बदलावी, घालावी वा गाळावी लागतात ते मोजायचे. वर्गात करून पाहा. 'चाकूर'पासून 'चाकुर' एका पावलावर आहे. 'चाकर'ही एका पावलावर, आणि 'चाकू'ही! पहिली केवळ शुद्धलेखनाची चूक, उरलेले दोन निराळेच शब्द. माप तिघांना सारखेच अंतर देते. त्यातच आपला नियम 'चाकूर'चे 'चाकुरात' करतो, म्हणजे बरोबर लिहिणाऱ्याच्याही हातून ऊकाराचा उकार होतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाला कमी वजन दिले, तर हे माप पुष्कळ सुधारेल.

आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे. तेव्हा प्रत्येक वर्गाला एक आकडा द्यावा, ही सूचना फार मोहक आहे. आम्हालाही ती एकेकाळी पटली होती. पण काटे, खाडे आणि गाडे या तीन घराण्यांना ती एका खणात कोंबते, आणि बोलीत सर्रास एकत्र येणारे 'पाणी' आणि 'पानी' वेगळे ठेवते, कारण ण ट-वर्गातला आणि न त-वर्गातला. गट ठरवायचे ते लोक जेथे खरोखर चुकतात ते पाहून: ण-न, ळ-ल, श-ष-स. शाळेच्या हजेरीपटात आणि दाखल-खारीज रजिस्टरात त्याची सामग्री पडून आहे.

मराठवाड्यात अडचण आणखी एक. हा भाग १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि जुने दप्तर बरेचसे उर्दूत आहे. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, ण-ला वेगळे अक्षर नाही, आणि वाव हे अक्षर ऊ, ओ, औ किंवा व असे कसेही वाचता येते. तेव्हा 'चाकूर' की 'चाकोर', हे गाव माहीत असणाराच सांगेल. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसेच लागली.

साउंडेक्सचा मोठा वापर अमेरिकेत १९३०च्या दशकात जनगणनेच्या सूचीसाठी झाला. जन्मदाखला नसलेल्यांचे वय त्या नोंदींवरून ठरवायचे होते. संकेताने कार्डांचा गठ्ठा सापडे. त्यातले आपले कार्ड कोणते, हे माणूस पत्ता आणि घरातली इतर नावे वाचून ठरवी. आमचा आक्षेप रीतीवर कमी आणि हा दुसरा टप्पा गाळण्यावर अधिक आहे. वाघमारेंच्या कागदांवर जन्मतारीख एकच होती, आईचे नावही एकच होते. तरी वडिलांना नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करावे लागले, आणि त्यात दोन दिवसांची मजुरी बुडाली.