इतिहासाचे बंधन आणि खेळाचे स्वातंत्र्य

ऐतिहासिक कादंबरीकाराने इतिहासाच्या बाबतीत किती स्वातंत्र्य घ्यावे, हा मराठी समीक्षेला परिचित असलेला प्रश्न आहे. ‘स्वामी’ किंवा ‘पानिपत’ या कादंबऱ्यांचा विचार करताना तो टाळता येत नाही. या चर्चेत एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते : स्वातंत्र्य घेतो तो लेखक, वाचकाच्या हाती येते ती पूर्ण झालेली संहिता. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत १७६१ चे युद्ध मराठे जिंकतात. परंतु तेथेही ‘जर’ची निवड लेखकाचीच असते. दुसऱ्या महायुद्धावरील ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ प्रकारच्या संगणकीय खेळांत ही निवड, ज्याला आजवर वाचक म्हटले गेले, त्याच्याकडे जाते. शेवट निश्चित नसलेल्या अशा कृतीची वास्तवता कोठे शोधावयाची, हा येथील प्रश्न आहे.

स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ हा खेळ या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. खेळाडू १९३६ किंवा १९३९ या वर्षापासून एका राष्ट्राची सूत्रे हाती घेतो. कारखाने, सैन्य, परराष्ट्रसंबंध हे सारे त्याच्या निर्णयाधीन असते. प्रत्येक राष्ट्रासाठी उद्दिष्टांचा एक वृक्ष रचलेला असून त्यातील एकेक उद्दिष्ट साध्य होण्यास सामान्यतः ७० दिवस लागतात. ऱ्हाईनलँडमध्ये सैन्य घालणे, ऑस्ट्रियाचे विलीनीकरण ही जर्मनीच्या वृक्षाची परिचित फांदी होय. २०१८ च्या विस्तारानंतर त्याच वृक्षावर हिटलरला पदच्युत करून कैसरला परत आणण्याचीही फांदी फुटली. संगणकाच्या हाती असलेल्या राष्ट्रांनी ऐतिहासिक मार्गानेच जावे की नाही, हेही खेळाडू आरंभीच ठरवू शकतो.

या सोयीमुळे दोन पक्ष पडतात. घटना घडल्या तशाच घडाव्यात, असे एकाचे म्हणणे. खेळाडूला वाट्टेल ते करता यावे, असे दुसऱ्याचे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांच्या मुळाशी एकच समजूत आहे : इतिहास म्हणजे घटनाक्रम. एकाला तो जपावयाचा असतो, दुसऱ्याला मोडावयाचा असतो. वस्तुतः घटनाक्रम हा इतिहासाचा केवळ दृश्य स्तर होय. त्याच्या तळाशी असलेला कार्यकारणभाव, म्हणजे माणसांच्या निर्णयांना होणारा परिस्थितीचा प्रतिकार, हाच वास्तवतेचा खरा आधार आहे.

खेळाच्या वाटचालीतूनच याचे उदाहरण मिळते. २०१६ च्या मूळ आवृत्तीत खनिज तेल रणगाडे तयार करण्यासाठी लागत असे. तयार झालेले रणगाडे मात्र इंधनावाचून धावत. साठवावे आणि खर्च करावे लागणारे इंधन २०१९ मध्ये आले. या बदलाने खेळाडूवर एक बंधन वाढले. पण त्याचबरोबर त्याच्या निर्णयाला अर्थही प्राप्त झाला. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कॉकेशसकडे का वळले, मैकोप हाती येऊनही तेथील उद्ध्वस्त केलेल्या तेलविहिरींनी त्याची निराशा का केली, हे त्याला आता कळू शकते. तो वेगळा मार्ग निवडण्यास मोकळा आहे. परंतु तेलाची गरज त्या मार्गावरही त्याची पाठ सोडत नाही. स्वातंत्र्य आणि वास्तवता येथे एकमेकांना पोषक ठरतात.

हा पेच संगणकापेक्षा जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून रूढ झालेल्या राइसवित्झच्या युद्धखेळात फासे आणि कोष्टके यांवरून हानी ठरत असे. कोष्टकांच्या जाचाला कंटाळून १८७६ मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ याने पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयाला प्राधान्य दिले. त्या पंचाशी निदान वाद घालता येत असे. संगणकात पंच आणि कोष्टक एकरूप झाले आहेत. कशाची गणना करावयाची, हा रचनाकाराचा निर्णय खेळाडूला निसर्गनियमासारखा भासतो. म्हणून समीक्षेने या गणनेचेच वाचन केले पाहिजे.

असे वाचन केले की एक गंभीर उणीव समोर येते. बाँबवर्षावाने कारखाने मोडतात, जनतेचा युद्धाला असलेला पाठिंबा घटतो. मेलेल्या नागरिकांचा आकडा मात्र मिळत नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, अशा घटनेला या हिशेबात रकाना नाही. ज्यूंचा वंशसंहार खेळात दाखवलेला नाही. संहार हा खेळाडूपुढील एक पर्याय होऊ नये, ही भूमिका योग्यच आहे. परंतु त्या मौनाचा परिणाम उरलेल्या चित्रावर होतो. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीत सुमारे ७६ लाख परदेशी मजूर आणि युद्धकैदी राबत होते आणि त्यांतील बहुसंख्य बळजबरीने आणलेले होते. सक्तीचे श्रम खेळात आले ते २०२० मध्ये, आणि तेही व्याप्त प्रदेशासाठीच्या कायद्यांपैकी एक म्हणून : उत्पन्न इतके वाढेल, प्रतिकार इतका वाढेल. अत्याचार येथे टक्केवारीचा फेरफार होतो.

ही उणीव केवळ नैतिक नाही. ती वास्तवतेचीही उणीव आहे. इंधनावाचून धावणारा रणगाडा खोटा वाटत असेल, तर राबणाऱ्या माणसांवाचून चालणारा कारखानाही तितकाच खोटा मानावा लागेल. पहिला खोटेपणा दुरुस्त झाला, कारण तो खेळाडूला डाचत होता. दुसरा सहसा कोणाला डाचत नाही, कारण या खेळात माणूस नकाशाकडे नेहमी वरून पाहतो. खेळाडूला किती स्वातंत्र्य द्यावे, या प्रश्नाचे उत्तर घटनाक्रमात नाही. त्याच्या प्रत्येक निर्णयाची किंमत कोणी मोजली, हे त्याला दिसते की नाही, यावर ते अवलंबून आहे.