हरवलेल्या आठवणींची मोजदाद

विजेच्या उपचाराची आपल्या मनातली प्रतिमा बहुधा १९७५च्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ने घडवली. तिथे वीज ही शिक्षा आहे. मानसोपचारतज्ज्ञ त्यावर वैतागतात ते रास्त आहे. तीव्र नैराश्यात या उपचाराचा गुण येतो, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो करण्यास भारतात २०१७च्या कायद्याने बंदी आहे.

माझा आक्षेप मोजपट्टीवर आहे. सेम्कोव्स्का आणि मॅक्लॉक्लिन यांनी २०१० साली ८४ अभ्यास एकत्र तपासले. बौद्धिक घट मुख्यतः पहिल्या तीन दिवसांपुरती, असा त्यांचा निष्कर्ष. २००३ साली डायना रोझ व सहकाऱ्यांनी रुग्णांची कथने तपासली, तेव्हा किमान एक तृतीयांश रुग्ण टिकून राहिलेल्या स्मृतिनाशाबद्दल बोलत होते.

यांत खोटे कोणीच नाही. चाचणी विचारते, आता वाचलेले शब्द आठवतात का? रुग्ण विचारतो, मुलीचे बारसे का आठवत नाही? जगलेल्या आयुष्याची ही स्मृती २०१०च्या विश्लेषणात मोजलेलीच नव्हती. सॅकाइम यांनी २००७ साली ती मोजली. सहा महिन्यांनंतरही तूट दिसली, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी वीज दिलेल्यांत अधिक.

नैराश्यही स्मृती पुसट करते, हे खरे. पण म्हणून प्रत्येक तक्रार आजाराच्या खात्यावर मांडता येणार नाही. जीव वाचवणाऱ्या उपचाराला घाबरू नये. मात्र सही घेण्याआधी रुग्णाला हे दोन्ही हिशेब दाखवावेत. त्याशिवाय ती संमती अपुरीच.